सोमवारपासून तेच पान

"त्याने तिचं तोंड उशीत दाबलं आणि मनगट पिरगाळलं. 'ओरडलीस तर दुसरंही मोडेन,' तो कानाशी म्हणाला. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता."

सून वाचता वाचता थांबली. घोटभर पाणी प्यायली.

"पुढे," सासूबाई म्हणाल्या.

खून, मारामारी, रक्त असल्याशिवाय सासूबाईंची दुपार सरत नसे. तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात पुस्तकांची बांधणी केली, आणि बांधता बांधता चोरून वाचलीही. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे गेले. तेव्हापासून वाचनालयातून एखादी थरारक कादंबरी आणायची, सायकॉलॉजिकल थ्रिलर असेल तर उत्तमच, आणि कुणीतरी ती वाचून दाखवायची. तीन वर्षांपूर्वी सून घरात आली आणि ते काम तिच्याकडे आलं. खुनी कोण हे सासूबाई पन्नासाव्या पानावरच सांगून मोकळ्या होत, आणि सहसा चुकत नसत.

सोमवारी आणलेल्या या पुस्तकात मात्र उशी नव्हती, मनगट नव्हतं, टीव्हीही नव्हता. उघड्या पानावर एक इन्स्पेक्टर खिडकीत उभा राहून नुसताच सिगारेट ओढत होता. सून वाचत होती ते तिच्या स्वतःच्या अंगावरचं होतं.

सरळ सांगायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी तिने एकदा म्हणून पाहिलं होतं, "आई, हे फार चिडतात हो." त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझा मुलगा मुंगीलासुद्धा दुखवत नाही." झालं, विषय संपला. सुनेने पुन्हा तोंड उघडलं नाही.

पण आता शनिवार दोन दिवसांवर आला होता. शनिवारी नवऱ्याच्या बदलीच्या गावी जायचं, दोघांनीच. सासूबाई इथेच राहणार होत्या, खालच्या मजल्यावर नणंद होतीच. तिकडचं क्वार्टर गावाबाहेर होतं. "शेजार नाही, बरंय," नवरा हसून म्हणाला होता. इथे आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो हात जरा तरी आवरून धरायचा. तिकडे आपण वर्षभरही जगणार नाही, हे सुनेला स्वच्छ कळत होतं. त्याला अडवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून चाचपून चाचपून पायमोज्यांच्या जोड्या लावत होतं.

"बावळट आहे ही बाई," सासूबाई म्हणाल्या. "निघून का जात नाही?"

"कुठे जाईल? माहेरी कुणी उरलं नाही तिचं."

"आणि त्या मेल्याची आई? ती नाही का गोष्टीत?"

"आहे. पण तिला दिसत नाही."

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे इकडे."

त्यांनी पुस्तक उघडंच मांडीवर घेतलं. अंगठ्याने डाव्या बाजूची जाडी पाहिली, मग उजव्या बाजूची. डावीकडे जेमतेम पाच-सहा पानं होती. डोळे गेले तरी बोटं अजून छापखान्यातलीच होती. सुनेला आपली चूक तेव्हा उमगली. चार दिवस तिने जीव ओतून वाचलं होतं, पण पान उलटायचं एकदाही सुचलं नव्हतं.

"सोमवारपासून तू याच पानावर आहेस," सासूबाई म्हणाल्या.

सून काही बोलणार तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली. आज तो लवकर आला होता. सासूबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. संपलं, सुनेला वाटलं. आता या सगळं मुलाला सांगणार.

"काय म्हणतायत सासू-सुना?" आत येत मुलाने विचारलं. आवाजात नुसती साखर. बोलता बोलता त्याने बायकोची करंगळी पकडली आणि मागे वाकवली. आईसमोर हा त्याचा आवडता खेळ होता. तिने खालचा ओठ दातांत धरला. आवाज न करता कळ सोसायला ती केव्हाच शिकली होती.

"सामान बांधून झालं का गं?" असं म्हणून त्याने आणखी वाकवली. सांध्यात बारीकसं कट्ट झालं.

"तिचं बोट सोड," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला. "कुठलं बोट, आई?"

"सोड म्हणते ना. ती शनिवारी तुझ्याबरोबर येणार नाही. तुला जायचं तर एकटा जा, आणि आजच जा."

त्याने करंगळी सोडली ती बायकोचे केस धरायला. तिचं डोकं त्याने भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. साखर कुठच्या कुठे गेली होती. "काय सांगितलंस तू आईला? बोल! काय सांगितलंस?" तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं. तिसऱ्यांदा आपटायला त्याने तिला मागे ओढलं.

सासूबाई उठल्या. पायमोजे जमिनीवर पसरले. आवाजाच्या रोखाने चाचपडत त्या भिंतीपाशी गेल्या आणि भिंतीला पाठ टेकून मधेच उभ्या राहिल्या. सुनेचं डोकं येऊन त्यांच्या छातीवर आदळलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"तिने काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मला सगळं ऐकू येत होतं."