लाल खूण

दुसरीच्या वर्गात दोरीवर चित्रं टांगली होती. दर शनिवारी मुलं ती रांगेनं बघायची आणि काय दिसलं ते सांगायची. नुसतं ‘छान’ म्हणायला बंदी होती.

कोंबडी आणि पाच पिलांच्या चित्रापाशी एक मुलगा थांबला. "बाई, हे पिल्लू मेलंय. त्याच्यावर लाल रेघ आहे."

ती रेघ माझी होती. तपासलेल्या प्रत्येक चित्रावर मी मधोमध बरोबरची लाल खूण करायचे. तीस वर्षांची सवय.

"गप रे, मेलं नाही ते!" चित्र काढणारी मुलगी ओरडली, पण तिचे डोळे भरले होते.

"बाईंनीच मारलंय," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. ती हसली नाही.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "यापुढे खूण मागच्या बाजूला करीन." कुठे ते दाखवायला मी तिचा कागद उलटा केला.

"तिथं नको बाई! मागं संध्याकाळ आहे."

मागे खरंच राखाडी आभाळ होतं आणि जमिनीवर कोंबड्या झाकायचं मोठं डालगं उपडं घातलेलं. कोंबडी दिसत नव्हती, पिलंही नव्हती.

"सगळी कुठं गेली?" मुलानं विचारलं.

"डालग्याखाली झोपलीत."

"पाचही?"

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा डालग्याकडे पाहिलं. "पाचही," ती म्हणाली.

मी लाल पेनाला टोपण लावलं आणि कागद संध्याकाळच्या बाजूनं दोरीवर टांगला.