स्नेहसंमेलनाचा पास

शाळेतल्या बाईंना कोळीनाचाचं लुगडं नेसवता येईना, म्हणून स्नेहसंमेलनाला कळव्याच्या हौसाबाईला बोलावणं आलं. तिची नातही त्याच नाचात होती. नेसवायला आलेल्या आजीला आत घेतीलच, असं धरून घरच्यांनी एकच पास काढला, सुनेचा. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत हौसाबाईनं बावीस मुलींचे कासोटे घट्ट खोचले. शेवटची तिची नात अक्षदा. नातीचा पहिला नाच बघायला ती पुढच्या दाराशी गेली. “आजी, पास?” बाईंनी विचारलं. “अवो बाई, आता तर तुमच्या पोरींना नेसवलं मी.” “हो ना, छानच! पण पास तीनशेचा. तुम्हाला सोडलं तर सगळेच फुकट येतील.” तिच्याजवळ रिक्षापुरतेच पैसे होते. दार लागलं. पायरीवर बसून तिनं गाणं ऐकलं, टाळ्या ऐकल्या. मग अक्षदा रडवेली होऊन धावत आली. “आजी, माझी स्टेप चुकली. दिसलं का गं तुला?” “नाय गो बाय, मना कायच नाय दिसला.”