जानकीचा मोती

"अवो, वायच पेज घेवा. असा काय करतास?"

मागच्या परड्यात शेणी गोळा करताना काशीबाईचे हात थांबले. जानकी 'अवो' म्हणतेय कोणाला? नवरा तर तिचा, मोतीराम, फरारी! गोव्याची दारू आणताना रेडीपाशी होडी पकडली गेली, तेव्हा तो पाण्यात उडी टाकून पळाला होता. सापडला तर थेट तुरुंगात.

काशीबाईच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ. ती तडक जानकीच्या दारात गेली.

"कोण गो आत?"

"कुत्रो, काकी." जानकीनं दार अर्धंच उघडलं. अंधारात गोणपाटावर एक काळं, हाडं निघालेलं जनावर धापा टाकत होतं. "होडीवाल्या साल्वादोरान तारकर्लीक पाण्यातून काढल्यान. बरो होयसर माझ्याकडे ठेवल्यान. लागट रोग आसा, जवळ येव नको."

"आणि कुत्र्याक अवो?"

जानकी लाजली. "तेचा नाव मोती. मी कसा तोंडान घेव?"

अगं बाई! नवऱ्याचं अर्धं नाव की ते. काशीबाई पोट धरधरून हसली. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी हसली. मोतीरामच्या शोधात आलेल्या हवालदारालाही ही गंमत कळली. आतून खोकला ऐकू आला, तसा तो म्हणाला, "मोतीरावांना काढा द्या हो!" आणि सायकलवर टांग मारून गेला.

जानकीनं कुत्र्यासाठी जिवाचं रान केलं. हळदीचं दूध काय, काडेचिराइताचा काढा काय. रोगाच्या भीतीनं काशीबाई कुंपणाबाहेरूनच डोकवायची. एवढंसं जनावर टोपभर पेज रिचवतं कसं, याचं तिला भारी नवल. पण गुण आला खरा. कुत्रं उठलं, अंगणात उन्हाला बसू लागलं. जानकी मात्र वाळत चालली होती.

एका सकाळी साल्वादोर आला. त्यानं शीळ घातली.

"ये गो चिंगी!"

कुत्रं शेपटी हलवत त्याच्या अंगावर झेपावलं.

"चिंगी?" काशीबाई कुंपणापलीकडून ओरडली. "मोती मा तो?"

"मोती खंयचो, काकी? कुत्री आसा ती!" साल्वादोर हसला आणि तिला काखेत मारून माडांतून निघून गेला.

काशीबाई तिथंच उभी. तेवढ्यात घरातून खोकला आला. दारातल्या जानकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं काशीबाईला हात जोडले.

वाटेवर सायकलची घंटी वाजली.

"काय काशीबाई," हवालदार उतरत म्हणाला, "मोतीराव आहेत ना घरात?"

काशीबाई लगबगीनं कुंपण ओलांडून आली आणि जानकीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली.

"आसत मा. पण आत जाव नकात, हवालदारानू. आता चावाक लागलेत."