जागेवरचं नाव

"नाव तेच राहू दे गं बाई. आमच्या जिभेला वळण पडलंय, भांड्यांवरही तेच घातलंय." लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं गेलं, तेव्हाचा सासूबाईंचा हा आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता.

तिचा नवरा सोमनाथ लॅपटॉपवर निफाडच्या शीतगृहांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम रचत होता. सेन्सर जोडले की सिस्टिमने त्यांना कोणत्या नावाने ओळखायचं, एवढंच अडलं होतं.

"प्रत्येक सेन्सर आपला नंबर घेऊनच येतो ना? तेच नाव ठेवा की," ती ओट्याजवळून म्हणाली.

"छे! जागेवरून द्यायचं. दाराशी बसेल तो 'दार'. उद्या तो गेला, तिथे नवा लावला, तरी 'दार'च. सिस्टिमला बदल कळतसुद्धा नाही."

"आणि नव्याला?"

"त्याला काय कळतंय!" तो हसला.

ती पेला घासत होती. त्यावर कोरलं होतं, 'सौ. मुक्ता'. रोज तिचा हात त्या अक्षरांवर जरा जोरानेच फिरायचा, आणि अक्षरं आणखीच लखलखायची. ज्या नावाने सारं घर आपल्याला हाक मारतं, त्याच नावाचा इतका हेवा वाटावा!

"मुक्ता, चहा टाकतेस?"

तिने तो पेला पुसला आणि भिंतीवर ताजा हार घातलेल्या, त्याच्या पहिल्या बायकोच्या फोटोखाली नेऊन ठेवला.

"अहो, मुक्ता ह्या होत्या. मी वेदिका."