उचलती फळी

बैलजोडी विकून उकंडरावांनी गावातला पहिला छोटा ट्रॅक्टर घेतला. वावर सपाट करायला त्याच्यामागं कोणती फळी लावावी, हे पाहायला ते नांदुऱ्याच्या दुकानात आले होते. बाजार आटोपलेली त्यांची बायको गोजरबाई उंबऱ्याशी पिशवी घेऊन बसली होती.

"रुंद घ्या," दुकानदार म्हणाला. "फरफटत जाते, वाटंतलं सारं सपाट करते. ही अरुंदवाली दांडा ओढला की वर उचलते, पण तुमाले तिचं काय काम?"

उकंडरावांची नजर अरुंद फळीवरून हलत नव्हती.

"उचलतीच द्या," गोजरबाई म्हणाली. "निंबाखाली दोन हात जागा सोडा लागते."

उकंडराव चपापले. बावीस वर्षांपूर्वी तान्ही लेक त्यांनी तिथं मातीआड केली होती. गोजरबाई तेव्हा घरात बाळंतीण होती. तिला जागा सांगितली नाही, अन् तिनंही कधी विचारली नाही.

"तुले कोनं सांगतलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोनं सांगन? तुमी कासरा ओढला नाही तरी बैल तिथं वळत होते."