चार ओंडक्यांची भिंत

"चौसष्ट!" टेप हातात धरून लुडविना वखारीत चक्क किंचाळली. "आबा, चौसष्ट सेंटिमीटर! झाली आपली भिंत!"

तिचे वडील वालेंती ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी काठी टाकली आणि स्प्रूसच्या त्या सोललेल्या ओंडक्यावर घोड्यावर बसावं तशी मांड ठोकली.

तात्रा डोंगरांच्या पायथ्याशी घराचा रुबाब भिंतीवरून ठरतो. मधोमध चिरलेले ओंडके एकावर एक रचायचे. जितके रुंद मिळतील तितके कमी लागतात, आणि जितके कमी तितकी मालकाची मान ताठ. रस्त्याने जाणारा आधी ओंडके मोजतो, मग रामराम करतो. वालेंतींचं घर सहाचं. त्यावरून त्यांनी जन्मभर टोमणे ऐकले. लेकीचं नवं घर मात्र चारचं होणार होतं. बाकी सगळं लाकूड निवडून झालं होतं, हा एवढा एकच राहिला होता.

"आता येऊ दे त्या शेजारच्या यान्तोशला मोजायला," आबा खदखदून हसले. "चारपर्यंतच तर येतं त्याला!"

लुडविनाही हसली. हसला नाही तो वावझेक सुतार. लार्चच्या लाकडी फळ्यांची कौलं, छपराचा उतार, खिडक्या, सगळ्याला त्याने सकाळपासून हसतहसत मान डोलावली होती. आता तो ओंडक्यावरच्या एका चिरेवरून अंगठा फिरवत होता. चीर सरळ जायची सोडून डावीकडे वळत गेली होती. त्याने लुडविनाला बाजूला घेतलं.

"डाव्या पिळाचं झाड आहे," तो हळूच म्हणाला. "तीन हिवाळ्यांत मुरगळेल. कोपऱ्याचे सांधे उघडे पडतील."

"मग दुसरा दे ना!"

"एवढा रुंद नाही कुठे. याच्या जागी दोन अरुंद बसवता येतील, एकदम सरळ आहेत. पण मग ती भिंत पाचाची."

आबा तिकडे वखारवाल्याला दारापुढचं बाकडं कुठे ठेवणार ते हातवारे करून सांगत होते.

वावझेक घुटमळला. "हाच लावायचा का मग? म्हणजे बघ... तीन हिवाळे. काकांचं वय..."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं. कारण तोच हिशेब क्षणभर तिच्याही मनात येऊन गेला होता.

"वावझेक!" आबांनी हाक मारली. "डोळे अधू झालेत रे माझे, कान नाही!"

ते कुणाचा हात न धरता खाली उतरले. त्या चिरेवरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. ओंडक्यावर एक थाप मारली.

"ते सरळवाले दोन काढ."

वावझेकचा जीव भांड्यात पडला. "काढतो काका. मागे गोठ्याकडच्या भिंतीत घालतो, कुणाच्या नजरेला पडायचे नाहीत."

"गोठ्याकडे कशाला?" आबांचा आवाज वखारभर घुमला. "रस्त्याकडे लाव! चौथ्या हिवाळ्यात बाकड्यावर बसून एकेकाला मी स्वतः मोजायला लावणार आहे."