उद्देश एकमताने मंजूर

मालगुंडच्या श्रीपतीरावांनी १९८४ साली पत्रमैत्री मंडळ काढलं. सभासद दहा, जिल्हाभर विखुरलेले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. मंडळ म्हटलं की उद्देश हवा, म्हणून त्यांनी चार ओळींचा मसुदा सगळ्यांना पाठवला.

हर्णेच्या हेमाताईंना त्यात समाजसेवा हवी होती. नाटे गावच्या चारुदत्त मास्तरांना ती मुळीच नको होती आणि का नको, हे सांगायला त्यांना अकरा पानं लागली. मग बाकीचेही सरसावले. दीड वर्ष रोज टपाल येत होतं. शेवटी उद्देश एकमताने मंजूर झाला. श्रीपतीरावांनी टंकलेली एकेक प्रत सगळ्यांना धाडली आणि स्वतःची चौकटीत घालून भिंतीवर लावली.

त्यानंतर महिनाभर एकही पत्र आलं नाही. पोस्टमन फाटकावरूनच हात हलवून पुढे जायचा. श्रीपतीराव अर्ध्या जेवणावरून उठू लागले.

"अहो, सगळ्यांना सगळं पटलंय," उमाबाई म्हणाल्या. "आता लिहितील काय, कपाळ?"

श्रीपतीरावांनी त्या चौकटीखाली बसून नऊ कार्डं लिहिली : 'कळवण्यास खेद होतो की, मंजूर उद्देशाची माझी प्रत गहाळ झाली आहे. कृपया आपली पाठवावी.'

उलटटपाली नऊ जाडजूड पाकिटं आली. नऊच्या नऊ जणांची प्रत नेमकी त्याच आठवड्यात गहाळ झाली होती.